आंबुशीच्या आश्रयाने

पाऊस ओसरला की म्हसरूळच्या गजपंथ क्षेत्री पायऱ्या चढणाऱ्या यात्रेकरूची दृष्टी शिखराकडे असते. त्याच्या पावलांलगत, गवताच्या उंचीवर, एक फिकट निळे फुलपाखरू उडत असते. पंख पसरले तरी जेमतेम अडीच सेंटिमीटर; मिटले की निळाई लोपते आणि करड्या रंगावरचे काळसर ठिपके तेवढे उरतात. शास्त्रीय नाव स्यूडोझिझीरिया महा. नावात ‘महा’, देह मात्र अल्प.

नाशिकच्या अंगणांतही ते आढळते, कारण त्याचा संसार आंबुशीवर चालतो. तीन दलांच्या पानांची, पिवळ्या फुलांची ही आंबट वनस्पती कुंडीत, फरशीच्या फटीत आपोआप उगवते. मादी तिच्या पानांवर एकेक अंडे घालते. हिरवट अळी तीच पाने खाऊन वाढते. अळीच्या पाठीवरील ग्रंथीतून गोड रस स्रवतो. तो मुंग्यांना मिळतो आणि मुंग्यांच्या वावरामुळे अळीला शत्रूंपासून संरक्षण लाभते. परस्परोपग्रहाचे तत्त्व बोटभर पानावर पाहावयास मिळते.

जपानमध्येही हीच जाती आहे. २०११च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर रियुक्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील ही फुलपाखरे तपासली. पंखांतील व डोळ्यांतील विकृती पुढील पिढीतही उतरल्याचे त्यांनी २०१२ मध्ये नोंदविले. माणसाच्या वस्तीत राहणारा हा जीव त्या वस्तीच्या आरोग्याचा साक्षीदार ठरला.

जैन दर्शनानुसार फुलपाखरू चतुरिंद्रिय आहे. त्यास स्पर्श, रस, गंध व रूप यांचे ज्ञान होते. वर्षाकाळी वाढलेल्या अशाच जीवांच्या रक्षणासाठी साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवितात. श्रावकाच्या घरी पाणी गाळले जाते, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते. मात्र त्याच घरापुढील हिरवळ नीटनेटकी दिसावी म्हणून आंबुशीवर तणनाशक फवारले जाते. हात माळ्याचा असतो, आज्ञा घरमालकाची. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा हिशेब धर्म मांडतो. चोख वहीखाते राखणाऱ्या व्यापारी कुळांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आंबुशी राखण्यास भांडवल लागत नाही. कुंपणाकडेचा हातभर तुकडा फवारणीतून आणि खुरप्यातून वगळला तरी पुरे. या अभयदानाची बोली लागत नाही, नावाची पाटीही बसत नाही. कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात पिवळ्या फुलांवर काहीतरी निळे हलते, एवढीच त्याची पावती.