मुळशीच्या डोंगरात एक खोली

आमच्या धाकट्या लेकीला मुळशी तालुक्यातील एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला. आनंद झाला, पेढे वाटले, विहारात जाऊन वंदना झाली. आणि त्याच रात्री घरात प्रश्न उभा राहिला : पोरीने राहायचे कुठे? कॉलेज निवडायला आम्ही चार महिने घेतले होते. खोली निवडायला हातात चार दिवस होते.

सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने आम्ही तिघे पुण्याला निघालो. दुपारी कोथरूडमार्गे पौडला जाणारी बस धरली. २०२३ साली चांदणी चौकात नवा पूल झाला, त्यामुळे तिथला जुना खोळंबा कमी झाला असे शेजारचे प्रवासी सांगत होते. चौक मागे पडला की बावधन, भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे लागतात. भूगावला मानस तलाव दिसतो. पिरंगुटपर्यंत कारखाने, गोदामे आणि जमीन विक्रीच्या पाट्या. पुढे पौडकडे मात्र भातखाचरे सुरू होतात. मुळशीचा आंबेमोहर इथलाच. आम्ही ज्वारीच्या मुलखातली माणसे. जूनअखेरीला एवढे पाणी, एवढे हिरवे पाहून लेकीची आई खिडकीला चिकटूनच बसली.

हा तालुका शाळा-पुस्तकात आपण वाचतो तो मुळशी सत्याग्रहामुळे. टाटांच्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ अशी तीन वर्षे झुंज दिली. धरण झालेच, गावे पाण्याखाली गेली आणि ते पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करू लागले. त्याच मुळशीत आज डोंगराडोंगरावर शिक्षणसंस्था उभ्या आहेत. लवळ्याला सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठे आहेत. पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर १९९७ साली सुरू झालेले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथल्या वसतिगृहांच्या समूहांना 'वाडा' असे आपले मराठी नाव आहे, आणि वाड्यातल्या एकेका खोलीत निरनिराळ्या देशांची मुले एकत्र राहतात. ज्या शब्दाने एकेकाळी आपल्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभे केले, त्याच शब्दाखाली आता जगभरची पोरे एका छपराखाली झोपतात, हे ऐकून आम्हाला गंमत वाटली आणि बरेही वाटले.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, पिंपरीला मावशीकडे राहून रोज जाणे-येणे. पैसा वाचणार, पण दिवसाचे चार तास बसमध्ये जाणार. दुसरी, दोन-तीन मुलींनी मिळून भाड्याने खोली घेणे. तिसरी, कॉलेजच्या वसतिगृहात तिघींच्या खोलीत एक कॉट. ती सर्वांत महाग.

म्हणून आधी दुसरी वाट पाहिली. रस्त्यावरच्या एका गावात एक खोली पसंत पडली. उजेड होता, पाणी होते, भाडे झेपणारे होते. मालकांनी चहाही सांगितला. मग सहज म्हणून विचारले, "आडनाव काय म्हणालात?" आम्ही सांगितले. चहा आला, पण खोलीची बोलणी तिथेच संपली. "पुतण्याने कुणाला तरी शब्द दिलाय, विचारून कळवतो," असे ते म्हणाले. आमचा फोन नंबर मात्र त्यांनी घेतला नाही.

बसस्टॉपवर लेक हळूच म्हणाली, "पप्पा, पुढच्या ठिकाणी नुसतं पहिलं नाव आणि तुमचं नाव सांगूया का? आडनाव नको." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पोरगी चुकीचे बोलली असे म्हणवेना, आणि 'बरं' म्हणायलाही जीभ उचलेना.

त्या रात्री मावशीकडे जेवणे झाल्यावर आम्ही तिला बाबासाहेबांच्या खोल्यांची गोष्ट सांगितली. बाबासाहेबांची पुस्तके, पदव्या, भाषणे आपण मुलांना सांगतो; त्यांना राहायला जागा कशी मिळाली हे फारसे सांगत नाही. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. प्रथम विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले जेवण मानवले नाही, म्हणून हिंदी विद्यार्थी राहत त्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. तिथे नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांच्या खोलीचा सोबती झाला. म्हणजे बाबासाहेबांनाही पहिल्या खेपेला मनासारखी जागा मिळाली नव्हती. पण खोलीतली ती मैत्री जन्माची ठरली. १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा याच भथेनांनी त्यांना पाच हजार रुपये उसने दिले.

आणि याच्या अगदी उलट गोष्ट बडोद्याची. १९१७ साली नोकरीसाठी तिथे गेल्यावर कुठेच थारा मिळेना, तेव्हा बाबासाहेब पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. मित्रही पारशी आणि हाकलणारेही पारशी! तेव्हा प्रश्न कोणत्या समाजाचा माणूस एवढाच नव्हता. एका खोलीत आंबेडकर हे आंबेडकर म्हणून राहत होते. दुसरीत नाव झाकून राहावे लागले आणि रोज उघडे पडण्याची भीती होती.

लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग वसतिगृहच बघूया. तिथल्या फॉर्मवर नाव पूर्ण लिहावं लागतं."

दुसऱ्या दिवशी वसतिगृह पाहिले. डोंगराच्या उतारावर तीन मजली इमारत, सामाईक न्हाणीघरे, खाली मेस, संध्याकाळी धुके. रेक्टर मॅडमना आम्ही प्रश्न विचारले : रात्री आजारी पडल्यास गाडी आहे का? मेसमध्ये ताटे सर्वांची एकत्र की कुणाची वेगळी? तक्रार कुणाकडे करायची? रॅगिंगविरोधी समितीचा फलक कुठे आहे? त्यांनी प्रत्येक गोष्ट प्रत्यक्ष दाखवली. आम्ही पैसे भरले. घरी आल्यावर लेकीच्या आईने भिशीचा नंबर पुढे घेतला.

पहिला महिना कठीण गेला. लेक फोनवर "बरंय" एवढेच म्हणायची. पुढे कळले की ती ताट घेऊन खोलीत येऊन जेवत होती. तिच्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो होता. खोलीतल्या एकीने पंधरा दिवसांनी खोली बदलून घेतली. कारण तिने सांगितले नाही, लेकीनेही विचारले नाही. दुसरी मुलगी परराज्यातली. तिने एका रात्री विचारले, "हे तुझे आजोबा का?" लेक हसली, आणि मग रात्री एकपर्यंत दोघी बोलत बसल्या.

त्यानंतर एन.एस.एस.च्या मुलांबरोबर ती जवळच्या गावात भातलावणीला गेली. गुडघाभर चिखलात सगळेच पडले. डॉक्टरची मुलगी पडली, व्यापाऱ्याचा मुलगा पडला, आमची पण पडली. खाचराच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना एकाच पातेल्यातला भात वाढला. तेव्हापासून ती मेसमध्ये सहाजणींच्या टेबलावर जेवते.

वाचक बंधू-भगिनींनो, वसतिगृह म्हणजे नुसती झोपायची जागा नव्हे, हे आपल्या चळवळीने फार आधी ओळखले होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली, आणि बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये आमच्या सोलापुरातच विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. आज आपण मुलांची फी भरतो, पण राहण्याचा खर्च आला की नातेवाइकाचा पत्ता शोधतो. नातेवाईक प्रेमाने ठेवतात, त्यात शंका नाही; पण तिथे मैत्री होत नाही, आणि मुलाचे कॉलेज बसच्या वेळापत्रकात अडकते. ऐपत नसेल तर शासकीय वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरावा. तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी समाजकल्याण कार्यालयात जाऊन स्वतः विचाराव्यात.

दिवाळीच्या सुट्टीत लेक घरी आली. पिशवीतून दोन किलो आंबेमोहर काढला. चिखलातल्या त्या मालकीणबाईंनी दिलेला. त्या रात्री घरभर त्याचा वास सुटला होता. जेवताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी खोली निवडायची आहे. आम्ही तिघींनी एकत्र अर्ज केलाय."

फॉर्मवर तिघींची नावे पूर्ण लिहिली होती, आडनावासकट.