कंद शिल्लक होता

जळगावात यकृताचे रुग्ण तपासताना बरीच वर्षं माझा भरवसा एकाच आकड्यावर होता: व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर सुरू करायचं आणि रिपोर्ट 'नॉट डिटेक्टेड' आला की औषध लागू पडलं म्हणायचं. कोणाला गुण येईल हे मी आधीच सांगत असे, ते खरंही ठरे. त्याचा मला अभिमान होता.

आज वाटतं, त्यात भाकीत कसलं? १९९८ च्या सुमारास लॅमिव्ह्युडिन आलं, तेव्हा भाकिताला अर्थ होता. पाच वर्षांत बहुतेकांचा विषाणू त्या औषधाला दाद देईनासा व्हायचा. एन्टेकॅव्हिर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात एखाद-दुसरं. गोळी रोज पोटात गेली तर विषाणू जवळपास प्रत्येकाचाच खाली येतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात रावेरकडचा एक तरुण केळी उत्पादक दीड वर्षाच्या उपचारानंतर कोरा रिपोर्ट घेऊन आला. "साहेब, आता गोळ्या बंद करू?" भाव पडले होते, महिन्याचा खर्च त्याला जड जात होता. मी हो म्हटलं. त्याचं ई अँटिजेन निगेटिव्ह होतं. अशा रुग्णाचं औषध इतक्या लवकर थांबवू नये, हे तेव्हाही पुस्तकात होतं. मी पुस्तकापेक्षा रिपोर्टवर विश्वास ठेवला.

पाच महिन्यांनी त्याचे डोळे पिवळे झाले. आधी तो कावीळ उतरवणाऱ्याकडे गेला, मग माझ्याकडे. यकृताची सूज दाखवणारं एसजीपीटी हजाराच्या वर. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, तो वाचला. पण ते दिवस त्याच्या घरावर मी आणले होते.

ही औषधं विषाणूच्या नव्या प्रती तयार होणं थांबवतात. यकृताच्या पेशीच्या केंद्रकात बसलेल्या त्याच्या मूळ गोलाकार डीएनएला ती हात लावत नाहीत. म्हणून रक्तातून विषाणू नाहीसा झाला तरी त्याच्या आवरणाचं प्रथिन, सरफेस अँटिजेन, राहतं. गोळ्यांनी ते पूर्ण जाणारे वर्षाला शंभरात जेमतेम एखादा. आता मी ते आहे-नाही एवढंच बघत नाही, किती आहे तेही मोजून घेतो. औषध थांबवण्याचा विचार करायचा तर व्हायरल लोडपेक्षा तो आकडा जास्त सांगतो.

आणि त्याही आधी विचारतो, गेल्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या? हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आता औषध मोफत मिळतं, तरी पेरणी, लग्नसराई, मजुरी बुडणं यांत खंड पडतोच. पुढे काय होणार याचा अंदाज मला आता तिथून येतो.

हे सगळं मी त्या शेतकऱ्याला समजावलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे घड कापला, खोड पाडलं, पण कंद जमिनीतच. मग पील फुटणारच की, साहेब."

हे त्याला मी सांगायला हवं होतं, गोळ्या बंद करायच्या आधी.