पुण्याचा नळ आणि आपली चारी



रब्बीचं आवर्तन सुटलं की फोन सुरू होतात. "दादा, उन्हाळ्यात पाळ्या किती मिळतील? सुरू ऊस धरू का नको?" इंदापूरच्या बांधावर बसून याचं उत्तर देता येत नाही. ते पुण्याच्या नळात अडकलंय. म्हणून या वेळी पिकाची नोंद बाजूला ठेवतो आणि पाण्याची लिहितो.

पुण्याला पाणी कुठून येतं म्हणून शहरातल्या पाहुण्याला विचारलं तर तो खडकवासला सांगतो. पण खडकवासला म्हणजे दारातला रांजण, त्यात मावतं 1.97 टीएमसी. खरा साठा वर डोंगरात. आंबी नदीवर पानशेत 10.65, मोसी नदीवर वरसगाव 12.82 आणि मुठेवर टेमघर 3.71. चारी धरणं काठोकाठ भरली तरी बेरीज 29.15 टीएमसी. रांजण रिकामा होईल तसं वरून पाणी सोडायचं, असं ते चालतं. याच रांजणातून नवा मुठा उजवा कालवा निघतो. पर्वतीच्या पायथ्यानं, हडपसर, फुरसुंगी करत हवेली, दौंड आणि शेवटी इंदापूर. अंतर 200 किलोमीटरच्या घरात. आपण टेलवाले.

आता हिशेब बघा. शहरासाठी मंजूर कोटा होता वर्षाला साडेअकरा टीएमसी. अलीकडं वापर 20 च्या आसपास गेलाय. 2017 ला 11 गावं हद्दीत घेतली, 2021 ला आणखी 23. माणसं वाढली, त्यांना पाणी लागणारच. पिण्याचं पाणी पहिलं, यावर आपला वाद नाही. आपलीच पोरं तिकडं भाड्याच्या खोलीत राहतात. पूर्व भागाला भामा आसखेडचं पाणी मिळू लागलं, तेवढाच काय तो भार हलका झाला. पण या चार धरणांतला साठा तेवढाच आहे. शहराचा आकडा वाढला की कमी होते ती आपली उन्हाळी पाळी.

एक टीएमसी म्हणजे 2832 कोटी लिटर. एकराला एक हलकी पाळी साडेसात सेंटिमीटरची धरली तर सुमारे 3 लाख लिटर लागतात. कालव्यात, चारीत निम्मं पाणी मुरलं, उडालं असं समजा. तरी एका टीएमसीत 45 हजार एकरांच्या आसपास एक पाळी बसते. बैठकीत कुणी "एखादा टीएमसी इकडं-तिकडं" म्हणालं की मी मनात हे एकर मोजतो.

आता कालव्याऐवजी खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याची योजना आहे, 28 किलोमीटरच्या आसपास. गळती-चोरी थांबून दोन टीएमसीच्या वर पाणी वाचेल, असा सरकारी अंदाज. वाचू द्या की. पण वाचलेलं पाणी कुणाच्या खात्यावर जमा होणार, ते बोगदा खणायच्या आधी कागदावर यायला हवं. मावळात पवनेच्या बंद नळावरून काय झालं ते विसरलो नाही आपण. 9 ऑगस्ट 2011 ला गोळीबारात तीन शेतकरी गेले.

पण मला बोलायचंय ते दुसऱ्याच पाण्याबद्दल. शहराला दिलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं अभियंते धरतात. म्हणजे 20 मधले 16 टीएमसी. शहर वाढेल तसं वाढणारं पाणी हे एवढंच, आणि ते आवर्तनाची वाट बघत नाही, भर मे महिन्यातही रोज येतं. यातलं साडेसहा टीएमसी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून जुन्या कालव्यात, म्हणजे बेबी कालव्यात सोडायचं, असं ठरलेलं आहे. लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत या पट्ट्याला ते मिळतं. उरलेलं मुळा-मुठेतून भीमेला आणि उजनीत. सोलापूर शहर तिथलंच पाणी पितं, हेही ध्यानात असू द्या.

माझे मेव्हणे बेबी कालव्यावर आहेत. त्यांचा ऊस बघितला तर हेवा वाटावा, काळाशार, उंच. पण तोडणी जवळ आली तरी वाढ थांबत नाही आणि पक्वता येत नाही. पाण्यातून नत्र जातच असतं, वर हे गावाच्या रिवाजानं युरियाही टाकत होते. दोन वर्षं युरिया निम्म्यावर आणला, शेवटच्या तीन महिन्यांत बंदच केला, तेव्हा फरक दिसला. ठिबकचे फिल्टर मात्र आठवड्याला चोंदतात आणि पाण्याला फेस येतो तो येतोच. खालच्या वाफ्यात जमीन वाळली की वर पांढरं फुटतं. मेथी-कोथिंबीर त्यांनी त्या पाण्यावर घेणं सोडलं, घरच्या खाण्यापुरतीही नाही. शहाणपणाचं केलं.

या पट्ट्यातल्या मंडळींनी मार्चमध्ये आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा पाणीतपासणी करून घ्या. ईसी 0.75 च्या आत असेल तर उत्तम. 2.25 च्या वर गेली तर ते पाणी एकटं देऊ नका, विहिरीचं गोडं पाणी मिसळा. आरएससी अडीचच्या वर असेल तर माती तपासून जिप्समचं प्रमाण काढावं लागेल. पण निचरा नसेल तर जिप्सम वाया, आधी चर काढा. आणि रिपोर्ट कपाटात ठेवू नका. कालवा सल्लागार समितीत आपण दरवर्षी पाळ्यांची संख्या मागतो, पण परत येणारं पाणी किती आणि कसलं, याचा कागद कुणी मागताना मला दिसला नाही. वीस गावांचे रिपोर्ट एकत्र झाले तर मागता येईल.

राहिला सुरू उसाचा प्रश्न. कालव्याच्या भरवशावर मी तरी नवीन लागण करत नाही. विहिरीला मेअखेर दोन तास मोटर चालेल एवढंच पाणी धरून खोडवा ठेवलाय, तोही पाचट आच्छादन करून. बाकी रानात हरभरा आणि ज्वारी. तात्या म्हणतात, "घाबरलास." असेल. त्यांनी दोन एकर लागण केलीय, मे महिन्यात दोघांच्या रानाचे फोटो इथंच टाकतो.