बिक्सबी पुलाजवळ अडकलेला टप

मॉन्टेरेहून कॅलिफोर्नियाच्या हायवे १ वर दक्षिणेला निघालं की डाव्या हाताला सांता लुसियाचे डोंगर आणि उजवीकडे थेट पॅसिफिक महासागर. याच रस्त्यावर १९३२ साली बांधलेला बिक्सबी पूल लागतो: काँक्रीटची एकच मोठी कमान, उंची सुमारे २६० फूट. गेल्या जुलैत बाबा बडोद्याहून पहिल्यांदाच माझ्याकडे सॅन होजेला आले, तेव्हा हा रस्ता त्यांना उघड्या गाडीतून दाखवायचा असं मी ठरवलं. मित्राची जुनी कन्व्हर्टिबल मागून आणली.

पुलापाशी थांबून फोटो काढले आणि तेवढ्यात समुद्रावरून धुकं चढू लागलं. इथलं पाणी उन्हाळ्यातही गार, त्यामुळे संध्याकाळी असं धुकं नेहमीचंच. पण बाबांना दमा आहे. मी टप बंद करायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. फोन काढला, तर रेंज नाही. बिग सूरच्या बऱ्याच भागात ती नसतेच.

“गाडीचं पुस्तक असेल ना?” बाबांनी विचारलं. डॅशबोर्डच्या कप्प्यात ते होतं. चष्मा लावून त्यांनी वाचायला घेतलं.

पहिली चूक लगेच सापडली. टप घडी होऊन डिकीत बसतो. सामान त्याला लागू नये म्हणून तिथे एक पडदा असतो आणि तो नीट अडकला नसेल तर यंत्रणा हलतच नाही. आमच्या बॅगेने पडदा सरकला होता. बॅग मागच्या सीटवर ठेवली, बॅटरीवर ताण नको म्हणून इंजिन चालू केलं आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी पंप गुणगुणला, टप वीतभर उचलला गेला आणि थांबला.

“आवाज येतोय म्हणजे वीज पोचतेय. फ्यूज बघत बसू नकोस,” बाबा म्हणाले. “तेल कमी असेल.”

आता टप हातानेच लावायचा होता. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. डिकीतल्या पंपावरचा झडपेचा स्क्रू पुस्तकात दाखवल्याप्रमाणे सैल केला, म्हणजे दाब निघून जातो. मग एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाबा. टप दोन्हीकडून सारखाच उचलायचा, नाहीतर सांगाडा पिळतो. “बोटं सांध्यात घालू नकोस,” हे त्यांनी तीनदा सांगितलं. पुढच्या काचेच्या चौकटीवर टप टेकला, तसे दोन्ही हूक हुकांच्या जागी बसवून ॲलन कीने आवळले. अर्धवट उघड्या टपाने गाडी चालवायची नाही, वारा तो उखडून नेतो.

हीटर लावून बसलो, तेव्हा बाबांना थोडी धाप लागली होती. त्यांनी पंप घेतला. मी गप्प होतो. दांडिया बाजारात भर पावसात स्कूटर तिरकी करून, प्लग पुसून ती चालू करणारे बाबा मला आठवत होते. तेव्हा मी छत्री धरून नुसता उभा असायचो.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिकने पाहिलं, तर एक होज गळत होता आणि तेल खरंच कमी होतं.

रात्री मोटेलमधून बाबांनी आईला फोन केला. पुलाबद्दल एक वाक्य, टपाबद्दल वीस मिनिटं. शेवटी म्हणाले, “याने छान धरलं हं दुसऱ्या बाजूने.”