पंचगंगेवरचा थोरला पूल

कोल्हापूर सोडून रत्नागिरीच्या वाटेला लागलं की केर्ली, बांबवडे, मलकापूर आणि आंबा घाट पुढे असतात. त्या सगळ्यांआधी पंचगंगा आडवी येते. गाड्या आता 2019 मध्ये खुल्या झालेल्या नव्या पुलावरून जातात. शेजारीच दगडी कमानींचा जुना शिवाजी पूल उभा आहे. 1870 च्या दशकात बांधलेल्या या पुलाने सुमारे 140 वर्षं कोकणची वाहतूक पेलली. नव्या पुलाला एवढा उशीर का झाला, असं विचारलं तर बोट ब्रह्मपुरीच्या टेकाडाकडे जातं. ते केंद्राचं संरक्षित स्थळ. त्याच्या हद्दीपासून 100 मीटरच्या आत बांधकामाला मनाई, म्हणून काम अर्ध्यावर अडकलं. यात खोटं काही नाही. पण टेकाड रस्त्याच्या आड आलं, ही मांडणी मला उलटी वाटते. रस्ता इथून जात होता म्हणून तर इथे वस्ती वाढली असावी.

1945-46 मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे थर उघडे पडले. ब्रह्मपुरीतच सापडलेली पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. समुद्राचा हा देव सह्याद्री चढून नेमका कोणत्या घाटाने आला, याचा पुरावा नाही, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. गगनबावड्याची किंवा फोंड्याची वाटही शक्य आहे. मात्र आंबा घाट गाठायचा तर कोल्हापूरकराला पंचगंगा ओलांडावीच लागते, आणि ब्रह्मपुरी बरोबर त्या काठावर आहे. एवढ्यावरून मूर्तीचा मार्ग सिद्ध होत नाही. व्यापारी गाव आणि नदीपार यांचं नातं मात्र दिसतं.

याहून गंभीर आक्षेप माणसांच्या जिवाचा. 2 जानेवारी 2018 ला लोकसभेने संरक्षित स्थळांजवळ सार्वजनिक कामांना वाट देणारं दुरुस्ती विधेयक संमत केलं. त्याच महिन्यात, 26 तारखेच्या रात्री, गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली आणि 13 जणांचा जीव गेला. त्यांच्यापुढे कुठल्याही थरांचं मोल सांगायची माझी तयारी नाही. नवा पूल हवाच होता, आणि फार आधी हवा होता. म्हणून जुना पाडावा, असं मात्र ठरत नाही. वाहनांचं ओझं उतरलेला पूल तपासून, कठडे भक्कम करून पायी चालणाऱ्यांसाठी राखता येईल. टेकाडावर सापडलं काय, हे सांगणारा फलकही तिथेच लावावा. संग्रहालयातल्या काचेपेक्षा पोसायडनची गोष्ट या कमानींवर उभं राहून अधिक नीट कळेल.