मुंबई पाहावी भरती बघून

मुंबई पाहायला येणाऱ्या पाहुण्यांचे माझ्या मते दोनच वर्ग आहेत. पहिला वर्ग घरूनच यादी करून आणतो. दुसरा वर्ग आमच्याकडे उतरल्यावर आमच्याच कागदावर, आमच्याच पेनाने यादी करतो. दोन्ही याद्यांत फरक मात्र नसतो. गेटवे, राणीची बाग, म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, हाजी अली, चौपाटी आणि जमल्यास एखाद्या नटाचा बंगला!

आमचे नागपूरचे साडू पहिल्या वर्गातले. सकाळी सव्वाआठला निघून संध्याकाळी सातच्या आत मुंबई संपवायची, असा त्यांचा बेत होता. दुपारी दीडपर्यंत तो बिनचूक पार पडला. मग आम्ही हाजी अलीला पोहोचलो, आणि पाहतो तो काय, दर्ग्याकडे जाणारी वाटच नाहीशी झालेली! जिथे रस्ता असायचा तिथे पाणी, आणि पाण्यापलीकडे तो पांढराशुभ्र दर्गा बेटासारखा निवांत उभा. साडूंनी घड्याळाकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले आणि मला विचारले,

"अहो, हे पाणी किती वाजता बंद होतं?"

प्रश्न हसण्यासारखा खरा. पण मला विचाराल तर मुंबई पाहणाऱ्याने विचारावा असा हाच एक प्रश्न आहे. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे हल्ली फोन देतो. मुंबईचे खरे वेळापत्रक ना रेल्वेच्या हाती आहे, ना महापालिकेच्या. ते समुद्राच्या हाती आहे, आणि सुदैवाने ते आपल्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर टांगलेले असते.

ते वाचायचे कसे, हे मला आईने शिकवले. आईचे माहेर देवगडकडचे. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीचा एक हिशोब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे : जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. एक भरती दिवसा, दुसरी त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. आणि दोहोंच्या मध्ये ओहोटी. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, त्याच्या मागोमाग भरतीही तेवढीच सरकते. एवढेच त्यातले गणित. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला तेवढा चालतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते; ते उधाण. अष्टमीनंतर ते मवाळ होते. त्याला भांग म्हणतात. पाऊणकीचे पाढे आम्ही शाळेत छड्या खाऊन पाठ केले. त्यांचा आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग!

हे शहरच मुळी भरतीने घडवलेले आहे. सात बेटांची ही मुंबई. त्यांतल्या महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी थेट आत घुसायचे आणि आजच्या भरवस्तीत पसरायचे. पायधुनी हे नाव तिथे चिखलातून आलेली माणसे पाय धूत म्हणून पडले, असे सांगतात. ते खिंडार बुजवायला वरळीचा बांध घातला, तो 1784 च्या सुमारास पुरा झाला. बांध टिकेना, तेव्हा कामावरच्या रामजी शिवजी प्रभूंना देवीने स्वप्नात दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि मग बांध उभा राहिला, अशी महालक्ष्मीची आख्यायिका आहे. खरेखोटे देवी जाणे. पण समुद्राशी तडजोड केल्यावाचून इथे वीटही उभी राहत नाही, हे त्यातले मर्म मला पटते.

तेव्हा पाहुण्याला मी आता यादी करू देत नाही. आधी तिथी विचारतो.

ओहोटी असेल तर हाजी अली. वाट उघडी पडलेली असते, दोन्ही बाजूंना शेवाळलेले खडक असतात आणि समुद्राच्या पोटातून चालत गेल्यासारखे वाटते. ओहोटीलाच गिरगाव चौपाटीही पाहावी. वाळू दुप्पट होते, मुलांना धावायला जागा होते. लोकमान्यांचा पुतळा जिथे आहे, तिथेच 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला. भेळेची पुडी हातात घेण्यापूर्वी मुलांना तेवढे सांगावे. मग भेळ खुशाल खावी. लोकमान्यांचा भेळेला विरोध असल्याचे कुठे वाचनात नाही.

भरती असेल तर मरीन ड्राइव्ह. पाठीमागे 1930 नंतरच्या काळातल्या त्या गोलसर सज्ज्यांच्या इमारती, ज्यांची 2018 साली जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. आणि समोर कठड्याखाली धडकणारे पाणी. इमारतींकडे पाठ करून बसावे, हा इथला शिष्टाचार. शेजारी कोण बसले आहे ते पाहू नये, हा दुसरा. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहणाऱ्या शहरात एकान्त मिळण्याची सोय हजारो माणसांच्या रांगेतच असते; आणि ती फुकट असते.

भरती-ओहोटी काहीही असो, पहाटे उठण्याची तयारी असेल तर कुलाब्याचा ससून डॉक गाठावा. 1875 सालची ती गोदी. होड्यांतून पाट्याच्या पाट्या उतरत असतात आणि लिलावाचा असा कल्लोळ चाललेला असतो की मराठी भाषा मरणार म्हणून काळजी करणाऱ्यांनी तिथे पाच मिनिटे उभे राहावे. पायात जुन्या चपला हव्यात आणि तोंडात "मावशी, जरा बाजूला" हे शब्द. मावशी बाजूला होत नाहीत. आपण व्हायचे असते.

थंडीच्या दिवसांत गेटवेहून घारापुरीची लाँच पकडावी. मात्र सोमवारी नव्हे, त्या दिवशी लेणी बंद असतात. तासाभराच्या त्या प्रवासात सीगल पक्षी लाँचमागे धावत येतात. पोर्‍यासोर्‍यांचे डोळे त्यांच्यावर, आणि मोठ्यांनी मात्र मागे वळून गेटवेकडे पाहावे. बादशहाच्या 1911 च्या भेटीची आठवण म्हणून बांधलेली, 1924 साली खुली झालेली ती कमान. आणि 28 फेब्रुवारी 1948 रोजी शेवटची इंग्रजी पलटण तिच्याच खालून निघून गेली! लेण्यांतल्या वीस फुटी त्रिमूर्तीसमोर उभे राहिले म्हणजे मात्र ही सगळी जाये कालपरवाची वाटते.

आणि संध्याकाळी पाय दुखत असतील तर वाळकेश्वरला बाणगंगेवर बसावे. खारा समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तळ्यातले पाणी गोडे. रामाने बाण मारला की लक्ष्मणाने, यावर पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांत अजून एकमत नाही. ते होऊ नये अशीच माझी इच्छा आहे. नाहीतर संध्याकाळी बोलायचे कशावर?

भरतीची ही गंमत पावसाळ्यात मात्र गंमत राहत नाही. शहराचे नाले समुद्रात रिकामे होतात. उधाण आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की समुद्र पाणी घ्यायचे नाकारतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस कोणता मुंबईकर विसरेल? तेव्हापासून जून लागला की वर्तमानपत्रे भरतीच्या वेळा छापतात. आमच्या घरी त्या आधीच ठाऊक असायच्या. वडील गोदीत कारकून. जुन्या गोद्यांत मोठी बोट आत घ्यायची तर भरतीची वाट पाहावी लागे. त्यामुळे त्यांचे घरी येणे तिथीवर अवलंबून. आई कॅलेंडर पाहून कुकर लावायची.

आता जे सांगायचे आहे, ते थोडे घरगुती आहे.

सात वर्षांपूर्वी आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली. खोल्या रिकाम्या केल्या आणि आम्ही डोंबिवलीला भाड्याने राहायला आलो. तीन वर्षांत परत या, असे आम्हांला सांगितले गेले होते. ती मुदत दोनदा वाढली. गिरगावातले आमचे अर्धे शेजारी आता डोंबिवली, बदलापूर, विरार असे पसरले आहेत. भांडायला म्हणून एकमेकांकडे जायचे तर दोन गाड्या बदलाव्या लागतात! डोंबिवलीची जागा हवेशीर आहे, स्वयंपाकघर वेगळे आहे, नळाला पाणी आहे. तक्रार करायला जागा नाही. तरीही आई पहिले काही महिने गप्प गप्प असायची.

आई तेव्हा ब्याऐंशीची. लग्न होऊन गिरगावात आली ती साठ वर्षे रोज संध्याकाळी चौपाटीवर जायची. चाळीत तिला स्वतःचा म्हणून एक कोनाडा होता, आणि घराबाहेर म्हणून एक समुद्र. डोंबिवलीत आल्यावरही सकाळी चहा झाला की ती कॅलेंडरसमोर उभी राहून ओठांतल्या ओठांत पाऊणकी म्हणायची आणि जाहीर करायची, "आज साडेचारला." कुणी विचारलेले नसायचे. साडेचार वाजले की खिडकीतून समोरच्या इमारतीकडे पाहत म्हणायची, "आता भरली असेल."

एका रविवारी मी तिला रिक्षात घालून पश्चिमेला रेतीबंदरावर नेले. तिथे उल्हास नदीची खाडी आहे. खारफुटी, दोनचार होड्या, आणि मचूळ पाणी. आई काठावरच्या दगडावर बसली. काही वेळ काहीच घडले नाही. मग तिने बोट दाखवले. पाण्यावरचा पालापाचोळा, जो इतका वेळ समुद्राकडे चालला होता, तो थबकला होता. पाहता पाहता तो उलटा, वरच्या बाजूला सरकू लागला.

"आली बघ," आई म्हणाली. "उशिरा का होईना, पण आली. गिरगावातनं एवढ्या लांब आली रे."

भूगोलाच्या दृष्टीने ते पाणी वसईकडून आलेले होते. आईला हे सांगावे असे मला वाटले नाही.

त्यानंतर आम्ही पुष्कळदा तिथे गेलो. आई गाणी गुणगुणू लागली, शेजारणींना पाऊणकी शिकवू लागली. तिच्या चौपाटीवरच्या मैत्रिणी नव्हत्या; पण दोन वर्षांत रेतीबंदरावर नव्या झाल्या. आमची नवी इमारत अजून अपुरी आहे. ती पाहायला आई राहिली नाही. पण "माझं गाव कुठलं?" या प्रश्नाचे उत्तर तिने मला देऊन ठेवले आहे. ज्या गावचे पाणी आत्ता चढते आहे की उतरते आहे हे तुम्हांला न पाहता सांगता येते, ते तुमचे गाव. भाडेपावती कुठलीही असो.

अलीकडे मुंबईत पुष्कळ नवलाई झाली आहे. 2024 पासून किनारी रस्त्यावरून वरळीहून मरीन ड्राइव्हला दहा-पंधरा मिनिटांत येता येते. शिवडीहून अटल सेतूवरून पाहता पाहता खाडी ओलांडता येते. माझी मुलगी या रस्त्यांची मोठी भोक्ती. जरूर जावे. मात्र मोटारीच्या काचेतून दिसतो तो समुद्राचा फोटो. समुद्र पाहायचा तर खाली उतरून, त्याच्यासमोर अर्धा तास तरी रिकाम्या हातांनी बसायला हवे. तेवढ्यात पाणी वीतभर चढलेले किंवा उतरलेले दिसते, आणि आपण कुठेतरी आलो आहोत याची खात्री पटते.

तर मंडळी, यंदाच्या सुट्टीत मुंबईला येणार असाल, किंवा मुंबईतच राहून महिनोन्महिने समुद्र न पाहणाऱ्यांपैकी असाल, तर हा अंक खाली ठेवण्यापूर्वी कॅलेंडर काढा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उधाणाची ओहोटी. चौपाटीची वाळू तेव्हा चांगलीच रुंद दिसते. भाऊबीजेला भरती दीडला, म्हणजे ओवाळणी उरकून संध्याकाळी हाजी अलीची वाट मोकळी. कार्तिक शुद्ध अष्टमीला भरती सहाला आणि सूर्यास्तही सहाच्याच सुमारास. मरीन ड्राइव्हवर याहून चांगला योग नाही. आणि त्रिपुरी पौर्णिमेला बाणगंगेच्या पायऱ्यांवर पणत्या लागतात. त्या पाहून झाल्या की घाईने गाडी पकडू नका. रात्री सव्वाअकराला समुद्र काठोकाठ भरलेला असेल आणि डोक्यावर चंद्र असेल. शेवटची गाडी त्यानंतरही असते.