बळ आहे तोवर

पैसे लावून पत्ते आम्ही कधी खेळलो नाही. तरी बी.कॉम. झालेल्या कारकुनाला पोकर स्पर्धेतला एक हिशेब सांगावासा वाटतो.

सुरुवातीला सर्वांना सारख्या चिप्स मिळतात. प्रत्येक डावात पाळीपाळीने दोघांना, पाने पाहण्याआधीच, सक्तीची रक्कम लावावी लागते. एकाला लहान, दुसऱ्याला मोठी. ठरावीक वेळाने ती वाढत जाते. म्हणजे नुसता बसून राहणाराही झिजतो. मोठ्या रकमेच्या दहापटच चिप्स उरल्या, की जाणते खेळाडू थोडे थोडे लावत नाहीत. पाने टाकतात, नाहीतर सर्व लावतात. यालाच ‘ऑल-इन’ म्हणतात.

तेव्हा जिंकण्याच्या वाटा दोन असतात : समोरचा भिऊन पाने टाकील, किंवा आपली पाने सरस ठरतील. तिप्पट उरेपर्यंत थांबले, तर कोणी भीत नाही. पहिली वाट बंद होते. २००३ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत ८३९ जणांतून ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस जिंकला. शेवटच्या दोघांत, हाती साधी जोडीही नसताना, त्याने सर्व लावले. सॅम फार्हाने सरस पाने टाकली. मनीमेकरच्या ढिगाला वजन होते, म्हणूनच धाक पडला.

बंधू-भगिनींनो, वस्तीच्या कामात आम्ही हेच पाहिले. नोटीस येताच सगळी घरे मिळून गेली, तर साहेब ऐकतात. निम्मी उठल्यावर कोणी विचारीत नाही. निर्णय बळ आहे तोवरच घ्यावा.

मात्र चिप्स स्पर्धेच्या असतात, पगार पोराबाळांचा. तो डावावर लावायचा नसतो.